सोललेलं चालणार नाही

आमचे अण्णा जेवताना स्वतःच्या पोटऱ्यांकडे बघत. घास गिळला की डाव्या हाताने पोटरी दाबून म्हणत, "पोचलं." बाकी जगाचं अन्न पोटात जातं, अण्णांचं थेट पायात उतरे, मधे कुठे थांबत नसे.

अण्णा म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ, माझे चुलत सासरे. सिंधीपुऱ्यात आमचं घर आणि खाली दोघा भावांचं कलाबतूचं, म्हणजे जरीच्या तारेचं दुकान. बायको गेल्यावर अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही, सायकल घेतली. बदली होऊन गेलेल्या कुणा रेल्वेच्या साहेबाची जुनी. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. "तोल तर आधीपासूनच नव्हता," असं सासूबाई म्हणत.

अमावास्येला दुकान बंद. त्या दिवशी शहाणा माणूस गाव सोडत नाही, म्हणून अण्णा सोडत. पहाटे निघून शहापूर, इच्छापूर आणि त्याच्याही पुढे एका खेड्यात आपल्या लेकीकडे, गोपीवन्संकडे जात आणि दिवे लागायच्या आत परत येत. वन्संच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता. आणि आमच्यात नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय बापाने लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. त्यामुळे जाणं-येणं सगळं सोबत नेलेल्यावर. ते पुरलं तर लेक भेटणार, नाहीतर नाही.

यातून अण्णांचं शास्त्र निघालं. "भूक लागायच्या आधी खायचं, सूनबाई. लागल्यावर खाल्लेलं पोट घेतं, पायांना काही देत नाही." सपाटीला केळं, चढाला उकडलेलं रताळं, ऊन चढलं की खजूर, आणि अगदीच पाय बोलायला लागले की गुळाचा खडा. हे ते दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगत. तो बिचारा लेकीच्या शालूसाठी कलाबतू घ्यायला आलेला असे आणि रताळ्याची महती ऐकून रिकाम्या हाताने जाई. मामंजी कपाळाला हात लावत.

परत आल्यावर सासूबाई विचारत, "गोपी कशी आहे?"

"बरी आहे. इच्छापूरच्या चढाला रताळं घेतलं वहिनी, पाय असे हलके!"

लेकीला दोन शब्द, रताळ्याला दहा. लेक हा अण्णांचा मैलाचा दगड आहे, हात लावायचा आणि परत फिरायचं, असं आम्ही बायका म्हणत असू.

पिशवी भरायचं काम माझ्याकडे. त्यात त्यांचा एक हट्ट होता, सगळं आख्खं हवं. रताळी सालीसकट, शेंगा टरफलासकट. मी एकदा घाबरत विचारलं, "शेंगा सोलून देऊ का? एका हाताने सायकल धरून कशा सोलाल?"

"सोललेलं चालणार नाही. सत्त्व सालीत असतं."

ते सत्त्व अण्णा फेकून देत आणि उरलेलं खात, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याची माझी छाती नव्हती.

एका अमावास्येला सासूबाईंना दया आली. त्यांनी शेंगा, खजूर, गूळ सगळं कुटून लाडू वळले. तुपाचा हात लावला. रताळीही सोलून कुस्करून त्यात घातली. "आता मुकाट्याने तोंडात टाका, भाऊजी."

त्या संध्याकाळी अण्णा बैलगाडीतून आले. सायकल मागे बांधलेली, चेहरा पांढराफटक. वाटेत चक्कर येऊन पडले होते. पिशवीत लाडू जसेच्या तसे.

"एवढं तूप घातलं होतं!" सासूबाई रडायच्या बेतात आल्या.

"लाडू चांगले होते वहिनी. खाणं झालं नाही."

मामंजींनी सायकलीला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. "बस्स झालं. म्हाताऱ्याचा तमाशा."

अण्णा भांडले नाहीत. पण जेवताना पोटरी चाचपायची सोडली. वरण-भात जिथे जायचा तिथे जाऊ लागला.

पुढच्या अमावास्येला त्यांनी भाड्याची दमणी, बैलांची हलकी गाडी ठरवली. एकटं सोडायचं नाही म्हणून सासूबाईंनी गोपीवन्संसाठी खण देऊन मला बरोबर धाडलं. पिशवी मी नेहमीसारखीच भरली. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मी आत जेवायला बसले. मला कसलीच बंदी नव्हती, वर वन्संच्या सासूबाईंनी आग्रहही भरपूर केला. अण्णा बाहेर ओट्यावर.

हात धुवायला दाराशी आले तर वन्सं उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. पुढ्यात अण्णांची पिशवी. त्या रताळ्याची साल काढत होत्या, नखाने, एवढासाही गर न घालवता. एकेक तुकडा बाहेर ओट्यावर अण्णांच्या हातात देत होत्या.

"हळू खा अण्णा. पुन्हा तेवढंच जायचंय."

"सोलतेस की बोलतेस?"

"दोन्ही. मागच्या खेपेला काय ते लाडू आणलेत! मी नुसती बघत बसले."

"तुझ्या काकूने केले होते. तू नुसती बसलेली, मग मलाही खावेना."

वन्संनी शेंग फोडली, दाणे फुंकले आणि अण्णांच्या ओंजळीत टाकले. अण्णांनी तोंडात टाकले.

"पोचलं का?"

अण्णांनी पोटरी दाबली. "पोचलं."

मी तशीच खरकट्या हाताने मागे फिरले.

परतताना अंधार पडला म्हणून रात्री इच्छापूरला देवीच्या धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला उशीर झाला आणि मामंजींनी सांगून टाकलं, दमणीचं हे लचांड दर महिन्याला जमणार नाही.

त्या दुपारी तांदूळ निवडताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं. मी सहसा बोलत नाही. वर्षभराचं बोलणं त्या एका सुपावर संपलं. त्या बराच वेळ तेच तांदूळ पुन्हा निवडत राहिल्या.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी त्या मामंजींपुढे उभ्या राहिल्या. "किल्ली द्या."

"कसली?"

"सायकलीची."

"कशाला?"

"मी चालवणार आहे."

मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि जानव्याची गाठ सोडायला घेतली.

पहाटे पिशवी सासूबाईंनीच भरली. रताळी आख्खी, गुळाचा खडा आख्खा, आणि शेंगा इतक्या की पिशवीचं तोंड बांधता येईना.

"शेंगा जास्त घातल्यात भाऊजी," त्या म्हणाल्या. "सोलायला वेळ लागेल."

अण्णांनी पिशवी हातात तोलून बघितली. त्यांच्या शास्त्राप्रमाणे चढाला एवढं ओझं मुळीच चालत नसे. त्यांनी ती हँडलला अडकवली, वहिनींना वाकून नमस्कार केला आणि निघाले.