नोल्डाबाईसाहेबांची ओल्सन घळीवरील स्वारी आणि अंगणातील जंग

श्री लाल खडक प्रसन्न.

युटा प्रांती, दक्षिण सुभ्यात, जेथे सरडेही सावली पाहोन पाऊल टाकितात, ऐसे हॅचवेल नामे कसब्यातील वर्तमान पुसिले की, नोल्डाबाईसाहेबांनी ओल्सन घळीत एक रात्र मुक्काम करावयाचा मनसुबा धरिला तो कैसा सिद्धीस गेला. तरी घडले ते यथास्थित लिहितो. पदरचे तिखटमीठ लाविले नाही, लाविले असेल तर चवीपुरतेच. वाचणारांनी चुकभूल माफ करावी. न केलियास बखरकाराचे काही अडत नाही.

अखंडितचूल-अलंकृत श्रीमंत नोल्डाबाईसाहेब या शाळेच्या भटारखान्याचा कारभार बहुत वर्षे चालवोन निवृत्त जाहलेल्या. साठी उलटलेली, उजवा गुडघा फितूर, जीभ मात्र एकनिष्ठ. त्यांचे यजमान राजश्री ऑर्व्हल हे हरणांच्या शिकारीचे सरलष्कर, ही पदवी त्यांस त्यांणीच बहाल केली होती. दर साली राजश्री आपले पुत्रांस घेवोन घळींच्या मुलुखात जात, आणि बाईंनी रसद सिद्ध करोन द्यावी, आणि दाराशी उभे राहोन हात हालवावा, मग स्वारी परतली म्हणजे तांबड्या मातीचे मोजे धुवावे आणि तारे कैसे दिसले ते ऐकावे, ऐसा शिरस्ता पडला होता. घळ घरापासोन घटकाभराच्या वाटेवर असता बाईंनी ती आतून कधी पाहिली नव्हती. कोणी नको म्हटले नव्हते. कोणी चल म्हटले नव्हते, इतकेच.

त्या साली वसंतात कन्या जोलीन सॉल्ट लेक शहराहून आली. ही हलक्या ओझ्याच्या पंथात दीक्षा घेतलेली. वजन वाचावे म्हणोन तिणे दात घासावयाच्या ब्रशाची मूठ करवतीने कापिली होती, ऐसी निष्ठा. तिजजवळ घळीत मुक्कामाचा सरकारी परवाना दोन असामींचा होता आणि दुसरी असामी ऐनवेळी आजारी पडली. हे वर्तमान रात्रीच्या पंगतीस निघाले, आणि बाई बटाटे वाढीत होत्या, तो हात तैसाच राहिला.

“मी येते,” बाई म्हणाल्या.

“कुठे?” ऑर्व्हल म्हणाले.

“घळीत. जोलीनबरोबर. मुक्कामाला.”

“नोल्डा, तिथे बाथरूम नाहीये.”

“तीन मुलगे, तू आणि एक बाथरूम. मला या घरात तरी कधी होतं?”

यावर राजश्रींनी पाव मोडोन रस्सा पुसला, आणि मग आपण जातीने मोहिमेचे सरलष्कर होवोन यावे, परवाना जोलीनने बदलोन घ्यावा व तिणे मागे राहावे, ऐसी तजवीज बोलों लागले. जोलीनने आपले सामान आणोन मेजावर मांडिले, निद्राथैली, चिमुकला बत्तीचा चुल्हा, पाणी गाळावयाचे यंत्र, आणि शेवटी एक चंदेरी पिशवी राजश्रींचे पुढ्यात ठेविली.

“हे काय, सुकं मटण?” राजश्रींनी पिशवी नाकाशी नेली.

“शौचपिशवी आहे, बाबा. यात करायचं, गाठ मारायची आणि पाठीवर घालून परत आणायचं.”

“परत? कुठे परत?”

“घरी. घळीचा नियमच आहे. वाळवंटात काही कुजत नाही. तुम्ही जे ठेवून आलात ते अजून तिथेच असेल.”

“आम्ही आपलं फावडं न्यायचो.”

“आणि पिकअप. बाबा, खरं सांगा, पिकअपपासून लांब कधी झोपलात का हो?”

तेव्हा राजश्रींचा चेहरा उतरला. सत्य ऐसे की, जेथे पिकअपची चाके जात तेथवरच राजश्रींचा पराक्रम जात असे. खाट, गादी, बर्फाची पेटी, सारा दरबार गाडीत भरोन गाडीच्याच आश्रयास झोपणे, याजला ते रानवास म्हणत. मग त्यांचे पाठीत एकाएकी उसण भरली आणि मोहिमेतून माघार घेणे प्राप्त जाहले. पिशवी त्यांणी दोन बोटांनी परत सरकाविली.

आता पळालेल्या सरदारास दुसऱ्याचे जाणे सोसत नाही. राजश्रींनी उसणेसह खुर्चीत बसोन हुकूम फर्माविला की, जी असामी आपली भरलेली सॅक स्वयें पाठीस लावोन गॅरेजपासोन रस्त्यावरील टपालपेटीपावेतो जाईल आणि परत येईल तीच घळीत जाण्यास लायक, आणि न जमल्यास पुन्हा या घरात घळीचे नाव काढू नये. वस्तुतः हा हुकूम मानावयाचे बाईंस कारण नव्हते. परंतु राग अनावर जाहला, आणि मेजावर हात आपटोन बाईंनी पैज कबूल केली, आणि मग गुडघ्याची आठवण जाहली, तो उशीर जाहला होता.

येथवर एका घरचे भांडण होते. मग वार्ता वॉर्डात, म्हणजे चर्चच्या मंडळीत, फुटली.

हॅचवेल कसब्यात चर्चच्या वॉर्डातील भगिनीमंडळ म्हणोन एक खडी फौज आहे, आणि तिच्या सेनापती समोरच्या घरच्या थेल्डाबाई. या फौजेचे ब्रीद ऐसे की, कसब्यात कोणी बाळंत होवो, कोणी मरो, कोणाची दाढ निघो, त्याचे दारी शिजले अन्न पोहोचलेच पाहिजे. आणि दारी आलेले अन्न नाकारणे हा ऐसा गुन्हा की, नाकारणाराची नातवंडे लग्नाला येईपर्यंत त्याची चर्चा चाले. बाईंनी स्वतः कित्येक दारी तबके पोहोचविली होती, हा कायदा घडविण्यात त्यांचाच हात मोठा, सबब आता त्यांची सुटका नव्हती.

पहिली स्वारी थेल्डाबाईंची आली. चीज घालोन भाजलेल्या बटाट्यांचे तबक आणि हिरव्या जेलीत किसलेले गाजर.

“अगं, उपाशीपोटी कुठे झोप लागते रानात?” थेल्डाबाई म्हणाल्या. “आणि जेली नीट धर, आडवी नको करूस.”

त्यांचे मागोन काचेच्या बरण्यांतले जर्दाळू आले, पीच आले, लोणी घातलेले पाव आले, भोपळ्याचा केक आला, आणि एका भगिनीने तर अख्खा हॅम आणिला, तोही हाडासकट. जोलीन कपाळास हात लावोन बसली.

“आई, जेली? वाळवंटात जेली?”

“माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा थेल्डानं सगळ्यांना जेवू घातलं होतं. सोमवारी विचारेल ती, कशी झाली होती म्हणून. काय सांगू?”

“खोटं सांग!”

“थेल्डाला?” बाई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

जोलीनने घसा कोरडा करोन सांगितले की, घळीत पहिला मान पाण्याचा, पाण्याहून जड काही नाही आणि पाण्यावाचून गती नाही. बाईंनी पाणी भरिले. आणि मग जर्दाळू भरिले. आणि मग हॅम निद्राथैलीत गुंडाळोन भरिला, आणि मग वरोन जेली, आणि बंद ताणून ताणून आवळिले. न्हाणीतल्या वजनकाट्यावर सॅक ठेविली तेव्हा काट्याने पन्नास रत्तलांपलीकडे झेप घेतली आणि जोलीनने डोळे मिटिले.

शनिवारी सकाळी अंगणात रण मांडिले. भगिनीमंडळ आपापले हिरवळीवर नळ्या घेवोन पाणी घालीत उभे, नळ्यांतून पाणी येत नव्हते. राजश्री पिकअपला टेकोन, उसण विसरोन, हाताची घडी घालोन उभे. बाई सॅकेस पाठ लावोन जमिनीवर बसल्या, पट्ट्यांत हात घातले, कंबरबंद आवळिला, आणि उठावयाचा यत्न केला, आणि थोड्या उठल्याही, मग सॅकेने मागे ओढिले आणि बाई पाठीवर, चारी अवयव आभाळाकडे, उलथलेल्या कासवाप्रमाणे पडिल्या.

राजश्री हसले. “सांगत होतो,” म्हणाले, “चल, आत ये, गरम कोको करू. कोकोचा डबा कुठे असतो गं?”

बाई आभाळाकडे पाहत राहिल्या. लाज वाटली नाही, संताप आला, आणि संतापाने डोळे भरोन आले. ताऱ्यांची त्यांस फारशी पर्वा नव्हती. त्यांस हवी होती एक संध्याकाळ, ज्या संध्याकाळी कोणीही येवोन, रात्री जेवायला काय आहे, ऐसे पुसणार नाही. हे त्यांणी कोणास सांगितले नव्हते, जोलीनसही नाही. इतके थोडके मागणे, आणि तोंडावर आणिले तर किती कृतघ्न दिसेल! उन्हाळा सरताच गुडघा कापोन नवा बसवावयाचा होता. आज उठल्या नाहीत तर मग उठणे नव्हतेच.

आणि ते पुसणे टळावे म्हणोन निघालेल्या बाईंनी पाठीवर घेतले होते काय, तर साऱ्या गावाचे जेवण. हे ध्यानी येताच बाईंस पडल्या जागी हसू आले.

“थेल्डा!” बाई जमिनीवरून ओरडल्या. “ताटल्या घेऊन ये! सगळ्याजणी या. ऑर्व्हल, पिकअपचं फाळकं पाड.”

“आत्ता? कशाला?”

“जेवायला. मी वाढते आहे. नाही म्हणायची छाती आहे कुणाची?”

तो कायदा दुधारी होता. दारी आलेले नाकारणे जैसा गुन्हा, तैसे हातावर वाढलेले नाकारणेही गुन्हाच. सबब भगिनीमंडळाने नळ्या टाकिल्या आणि आपणच रचिलेला दारूगोळा आपणच खावयास बसले. फाळक्यावर हॅम कापिला, बटाटे वाढिले, जेली उन्हात विरघळू लागली ती चमच्यांनी पिवोन संपविली. थेल्डाबाईंनी दोनदा घेतली आणि आज अंमळ गोड जाहली ऐसा अभिप्राय दिला. सॅक रिकामी होत होत तळास गेली, आणि जोलीनने आत हात घातला तो काही गार, काळे, अचल ऐसे लागले. दोही हातांनी ओढोन काढिले. ते राजश्रींचे बिडाचे पातेले, झाकणासह.

“बाबा!”

राजश्रींचे तोंडात पाव होता. “घळीत पीच शिजवायचे तर यातच शिजवावे लागतात,” म्हणाले, “मी नाही तर निदान माझं पातेलं तरी…”

हे कपट होते की प्रेम, याचा निवाडा बखरकार करीत नाही. बिडाचे वजन दोहींत सारखेच.

मग बाईंनी पाणी, निद्राथैली, चुल्हा, मूठभर सुके जर्दाळू, पाव आणि ती चंदेरी पिशवी, इतुके भरिले आणि पुन्हा जमिनीवर बसल्या. डावा गुडघा टेकिला. राजश्रींनी हात पुढे केला.

“हात काढ,” बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

गुडघा कडकडला तो पलीकडच्या हिरवळीपावेतो ऐकू गेला. आणि बाई चालल्या, आणि टपालपेटीस थाप मारिली, आणि परतल्या, आणि गॅरेजच्या भिंतीस थाप मारिली, आणि न थांबता तैशाच जोलीनच्या गाडीकडे गेल्या. भगिनींनी चमचे ताटल्यांवर वाजविले, हीच नौबत. गाडी सुरू जाहली, तो राजश्री खिडकीशी आले, आणि घुटमळले, आणि टोपी काढिली, आणि पुन्हा घातली.

“नोल्डा,” ते हळूच म्हणाले, “रात्री जेवायला काय आहे?”

बाईंनी काच पुरती खाली केली.

“तळघरात वर्षभराचं अन्न भरून ठेवलंय, ऑर्व्हल. गहू तेवढा दळावा लागेल.”

येणेप्रमाणे श्रीमंत नोल्डाबाईसाहेबांची फत्ते जाहली. शत्रूकडील पाडाव: बिडाचे पातेले एक, झाकणासह, हॅमचे हाड, तेही चाटलेले. आमचेकडील जायबंदी: गुडघा एक, तो पूर्वीच फितूर सबब हिशेबी धरिला नाही. संध्याकाळी राजश्री जिना उतरोन तळघरात गेले, आणि दिव्याची कळ कोठे आहे हे त्यांस ठाऊक नव्हते, म्हणोन अंधारात उभे राहोन त्यांणी सवयीने बाईंस हाक मारिली, आणि मग पुन्हा मारिली. त्या समयी बाई घळीच्या तळाशी वाळूत पाय पसरोन बसल्या होत्या, भूक लागली नव्हती म्हणोन जेवल्या नाहीत, आणि का नाही हे कोणी पुसिले नाही. दाखल असे.