टोकन नंबर सहा

"एक मुंगीबी आत जाऊ देत नाई, म्याडम! तुमी बिनधास्त जा!"

लटारूभाऊंनी छातीवर हात मारून हे सांगितलं, तेव्हा यंत्राची किल्ली आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गळ्यात होती. माणसाच्या गळ्यात किल्ली पडली की आवाज आपोआप चढतो.

राजुऱ्याजवळच्या एका बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या बोगद्यात कण पळवणारं यंत्र बसवलं आहे. आभाळातून येणारे किरण मोजणीत लुडबुड करतात, म्हणून ते जमिनीखाली. लटारूभाऊंनी तीस वर्षं याच खाणीत पंप चालवले आणि आता ते यंत्राची देखभाल करतात. पंप बघायचे, गार पाण्याचा दाब बघायचा, वहीत आकडे लिहायचे. काम तेच, फक्त कोळसा गेला आणि कण आले!

"भाऊ, आज एकोणतिसावा दिवस," प्रमुख अदीबा म्याडम चंद्रपूरच्या बैठकीला निघताना म्हणाल्या. "सकाळची अर्ध्या तासाची देखभाल सोडली तर कणांचा झोत थांबता कामा नाई. उद्या संध्याकाळी मोजणी पूर्ण होते. मधातच थांबला, तर पुन्हा एकपासून!"

आत माणूस असताना झोत सोडला तर त्याचं काही खरं नाही. म्हणून देखभाल झाली की कोपरान् कोपरा बघून दार बंद करायचं, असा नियम. लटारूभाऊंना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांनी खाणीतली पितळी टोकनं शोधून काढली, सगळ्यांना वाटली आणि एक स्वतःला ठेवलं. आत जाताना टोकन खिळ्यावर लावायचं, बाहेर येताना काढून खिशात घालायचं. खिळ्यावर टोकन म्हणजे माणूस आत! तरुण मंडळी हसली, पण टोकनं लावू लागली.

म्याडम गेल्या आणि देखभाल झाली. "टोकन घ्या रे, टोकन घ्या!" करत लटारूभाऊंनी सगळ्यांना बाहेर काढलं, सगळे कोपरे तपासले आणि नऊ वाजता झोत सोडला.

एक वाजून वीस मिनिटांनी ते पाणी प्यायला उठले आणि खिळ्याकडे बघून त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. खिळ्यावर टोकन होतं. सहा नंबर. पाइप बघणाऱ्या धम्मदीपचं!

त्यांनी फोन लावला. धम्मदीपचा फोन शेजारच्या हत्यारांच्या पेटीतच वाजला.

"जाफरभाई, धम्मदीप बाहेर गेला का?"

"मी तर अकराले आलो ड्यूटीवर," गेटवरचा जाफर म्हणाला. "माझ्यासमोर तर नाई गेला!"

कोपरे लटारूभाऊंनी स्वतः बघितले होते. आत कोणी नाही, हे त्यांचे डोळे सांगत होते. पण पूर्वी एकदा खाणीत असंच एक टोकन राहिलं होतं, आणि 'विसरला असेल' म्हणून मुकादमानं पाळीची माणसं घरी सोडली होती. तो माणूस विसरला नव्हता.

त्यांनी लाल बटण दाबलं. झोत शून्य. एकोणतीस दिवस पाण्यात!

आतला किरणोत्सार ओसरेपर्यंत नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबायचं होतं. तेवढा वेळ लटारूभाऊ माइकवरून आत ओरडत होते, "धम्मदीप, भेव नको! हाव आमी!" दार उघडलं तशी शोधाशोध सुरू झाली. जाफरनं केबलच्या नालीवरची झाकणं उचलली. लटारूभाऊंनी पंपामागे अशा फटीत डोकं घातलं, जिथे मांजरही दोनदा विचार करेल!

मागून कोणीतरी विचारलं, "कोनाले शोधून राह्यले, भाऊ?"

"धम्मदीपले!" लटारूभाऊ फटीतूनच ओरडले. "तू तिकडून पाह्य!"

तो तिकडे गेला, वाकला, टेबलाखाली डोकावला. मग हळूच म्हणाला, "पण भाऊ, धम्मदीप तर मीच हावो."

पाइपाचा क्लॅम्प आणायला तो दहा वाजता गावात गेला होता. त्याच्या खिशात त्याचं सहा नंबरचं टोकनही होतं.

मग खिळ्यावर कोण?

जाफरनं टोकन काढून आणलं. जुनं टोकन, इंग्रजी आकड्याचं, वर-खाली दोन्हीकडे भोक पाडलेलं. त्यानं ते सरळ केलं. नऊ. लटारूभाऊंचं!

तासाभरात म्याडम आल्या. सगळं ऐकून त्यांनी पाठ फिरवली आणि बराच वेळ चष्मा पुसला. लटारूभाऊंनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांना फार वाईट वाटत होतं.

"सहा दिसल्यावर किती वेळ विचार केला, भाऊ?"

"विचार नाई केला, म्याडम. सीधं बटनच दाबलं."

"बरं केलं," म्याडम म्हणाल्या. "कण काय, उद्यापासून पुन्हा मोजू. माणूस कुठून आणू? किल्ली घाला गळ्यात. आन् वहीत लिहा."

लटारूभाऊंनी वही ओढली. 'झोत थांबण्याचे कारण: आत माणूस असल्याचा संशय. आत राहिलेला: लटारू. शोध घेणारा: लटारू. निष्कर्ष: आत राहिलेला माणूस बाहेरच सापडला, प्रकृती ठीक.'

खाली दोन सह्यांची जागा होती, आत राहिलेल्याची आणि शोधणाऱ्याची. त्यांनी दोन्हीकडे सही केली आणि दोन्ही सह्या जुळतात ना, ते चष्मा लावून पुन्हा एकदा तपासलं.