दाराला बांधलेला खांदा

ऑफिसच्या स्नूकर स्पर्धेत साहेबांनी मला जोडीदार म्हणून घेतलं, तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. (आडनाव चुकलं, पण ते जाऊ द्या.) सामना रविवारी. साहेबांची तक्रार एकच, "फटका मारताना तुमचा खांदा हलतो. हात फक्त कोपरापासून हलला पाहिजे."

आता या वयात कुठलाही अवयव नव्याने शिकवायचं त्राण माझ्यात नाही. म्हटलं, खांदा सरळ बांधूनच टाकू.

"अहो, लोक नोकरी टिकवायला हातपाय हलवतात," बायको म्हणाली, "तुम्ही न हलवायला शिकताय!" पण माझ्याशी वाद घालून तीही दमली आहे. तिने आपल्या रेशमी स्कार्फने माझा दंड कपाटाच्या लाकडी मुठीला आवळून बांधला आणि ती आंघोळीला गेली. मी पोछ्याची काठी घेऊन टेबलावरच्या बटाट्यावर नेम धरला. दहाबारा फटके झकास गेले.

तेवढ्यात बेल वाजली. "आलो!" म्हणत मी सवयीने निघालो. माझ्याबरोबर कपाटाचं दारही निघालं. (बिजागऱ्या बदलायच्या राहिल्या होत्या. चार वर्षं.)

बाहेर साहेब उभे. सराव बघायला आले होते.

"हे काय?"

"सरावच, साहेब," मी म्हणालो. दार काखेत होतं.

गाठ काही सुटेना. मी कात्री मागितली, तशी आंघोळ आटोपून आलेली बायको कडाडली, "स्कार्फला हात लावायचा नाही, नवा आहे! मूठ कापा." मग खालच्या मजल्यावरचा सुतार आला आणि त्याने बारीक करवतीने मूठ कापायला घेतली.

सुताराचा हात बघताना साहेबांचा चहाचा कप अर्ध्यावरच थांबला. "बघा, बघा! यांचा खांदा जागचा हलत नाही! कधी स्नूकर खेळलात?" त्यांनी सुताराला विचारलं.

"नाही हो. शिकवलंत तर खेळेन की," सुतार म्हणाला.

"नियमात बाहेरचा जोडीदार चालतो," साहेब म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

आता सुतार रोज संध्याकाळी साहेबांबरोबर क्लबात असतो आणि आमचं दार भिंतीला टेकून उभं आहे. शेवटी ते स्वतःच बसवावं म्हणून मी शुक्रवार-शनिवारची रजा मागितली. साहेबांनी ती जागच्या जागी मंजूर केली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'रविवारीही घरीच थांबावे.'