पदाला टोचलेली लस

सरकारी कर्मचारी आजारी पडला की शासनाचं काम थांबतं, ही गोष्ट सर्वमान्य आहे. कर्मचारी धडधाकट असताना काम किती चालतं याची नोंद कुठंच नसल्यामुळे, थांबल्यावर नेमकं किती नुकसान झालं हे मात्र अजून कुणाला काढता आलेलं नाही. तरी काळजी घेतलेली बरी. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याहून आमच्या नगरपंचायतीला एक परिपत्रक आलं. विषय: इन्फ्लुएंझा पूर्वतयारी व कर्मचारी सुदृढता सप्ताह. पानं अकरा, जोडपत्रं सहा (चौथं सापडलं नाही).

आमचं गाव उदगीरहून एसटीनं तासाभरावर आहे. नाव सांगत नाही. नाव घेऊन लिहिलं की चौकशी लागते, आणि चौकशी लागली की शेवटी नगरपंचायतीचा सत्कार होतो, असा आजवरचा अनुभव आहे.

नगरपंचायतीत कायम कर्मचारी बावीस. त्यातले नऊ सफाई कामगार. या नऊ जणांपैकी एकाच्याही हातात झाडू नसतो. म्हणून गाव झाडलं जात नाही असं कुणी समजू नये. गाव रोज झाडलं जातं, फक्त झाडणारं माणूस दुसरं असतं. या पद्धतीला आमच्याकडे बदली म्हणतात. (एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवतात ती बदली वेगळी. ती शिक्षा असते. ही सोय आहे.)

उदाहरणार्थ श्रीमंतराव. हे बसस्थानक ते बाजारपूल या रस्त्याचे कायम सफाई कामगार. सोळा एकर रान, दारात ट्रॅक्टर, गावात ‘पाटील’ म्हणून मान. सफाई कामगाराची जागा निघाली तेव्हा ती त्यांनी धरली, कारण जागा सरकारी होती. झाडू धरला नाही, कारण तोही धरावा लागेल असं नेमणुकीच्या आदेशात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. पहाटे पावणेसहाला ते मोटारसायकलवरून येतात, हजेरीच्या यंत्राला अंगठा लावतात आणि चहाला घरी जातात. त्यांच्या जागी रस्ता झाडते भीमनगरची सरजाबाई. अकरा वर्षं झाली. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण नगरपंचायतीच्या कुठल्याच कागदावर ती नाही. श्रीमंतराव आपल्या पगारातून तिला काहीतरी देतात. (‘काहीतरी’ हा शब्द त्यांचाच.)

अकरा पानांच्या परिपत्रकामागोमाग एका पानाचंही पत्र आलं. सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी लातूरहून पडताळणी होणार, जे माणूस प्रत्यक्ष झाडताना दिसेल त्याचं नाव रोजंदारीच्या यादीत चढणार. सरजाबाईची मुलगी प्रियदर्शनी नांदेडला कॉलेजात आहे. तिनं गावच्या ग्रुपवर आलेलं ते पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं.

“यादीत नाव चढलं की काय व्हतं गं?” सरजाबाईनं विचारलं.

“आजारी पडलं तर सुट्टी मिळते, आई.”

“आगं बया! मंग चढावंच लागतंय.”

अकरा वर्षांत सरजाबाई आजारी पडली नव्हती असं नाही. पण बदलीला बदली नसते, त्यामुळे ती ताप घेऊन झाडायची आणि दुपारी झोपायची.

इकडं सुदृढता सप्ताह सुरू झाला. पहिल्या दिवशी वजनं झाली. बावीस कर्मचाऱ्यांचं एकूण वजन सोळाशे चौऱ्याण्णव किलो भरलं, आणि गावच्या विकासाला एवढा भार सोसतो याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आलं. बदल्यांची वजनं घेतली नाहीत, त्यांना पद नसल्यामुळे त्यांचं वजन धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी ताण मोजला. त्यासाठी छापील फॉर्म होता. एकोणीस जणांनी ‘अतिताण’ या चौकटीत खूण केली. कारणं: काम वाढण्याची भीती – चौदा; साहेब – तीन; घर – दोन. उरलेल्या तिघांना ताणामुळे फॉर्म भरता आला नाही. मग बिदरहून शिवप्पा नावाचे गुरुजी आले आणि त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितला. सभागृहाच्या खिडकीखालून मोठी नाली जाते. ती त्या दिवशी उपसली नव्हती, कारण नाली उपसणारी बदली सभागृहात खुर्च्या मांडत होती. दुसऱ्या श्वासाला दोन कर्मचारी बाहेर गेले, तिसऱ्याला स्वतः गुरुजी गेले. हात धुण्याचं प्रात्यक्षिक नळाला पाणी नसल्यामुळे कोरडंच झालं आणि त्याचा फोटो चांगला आला.

शेवटच्या दिवशी लस होती. बावीस मात्रा आल्या होत्या. शंभर टक्के लसीकरण करणाऱ्या कार्यालयाला जिल्ह्याचा फिरता चषक मिळणार होता, त्यामुळे कार्यालय अधीक्षक आदिनाथ साहेब सकाळपासून टेबलाशेजारी उभे होते. ग्रामीण रुग्णालयाच्या दिपाली सिस्टरनं यादी उघडली आणि पहिलं नाव पुकारलं. समोर सरजाबाई येऊन बसली.

“नाव?”

“श्रीमंत किशनराव.”

“मावशी, तुमचं विचारते मी.”

“माझं घिऊन काय करता? यादीत हे हाय न्हवं.”

“अन् ते कुठं हायत?”

“त्यायला सुईचं लई भ्या वाटतं. झाडायलाबी मीच, टोचायलाबी मीच.”

सिस्टरनं सुई खाली ठेवली आणि साहेबांकडं पाहिलं. आदिनाथ साहेबांनी बावीस वर्षं नोकरी केली आहे. विचार करायला त्यांना वेळ लागत नाही.

“सिस्टर, लस व्यक्तीला द्यायची नाही, पदाला द्यायची आहे. पदाचं काम ज्या दंडानं होतं, तो दंड पदाचा.”

“ॲपवर ओटीपी लागतो, साहेब.”

ओटीपी श्रीमंतरावांच्या फोनवर गेला. साहेबांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. श्रीमंतरावांनी आकडे सांगितले आणि हळूच विचारलं, “सरजाबाई, लई दुखतंय का हो?”

“दंड तुमचा हाय, पाटील. तुमीच सांगा!”

टोचून झालं. सरजाबाईनं पदर सारखा केला आणि झाडू उचलून गेली. दुपारपर्यंत नऊ बदल्यांमार्फत नऊ पदांना लस मिळाली. उरलेल्या तेरा कर्मचाऱ्यांना, म्हणजे लिपिक, शिपाई वगैरे मंडळींना, बदली नव्हती, कारण त्यांचं काम करायला आजवर कुणी लागलंच नव्हतं. त्यांनी नाइलाजानं स्वतः टोचून घेतलं. शंभर टक्के झाले. चषक आला. तो आदिनाथ साहेबांच्या टेबलावर, आवक टपालावर ठेवला गेला (टपाल उडत नाही).

सप्टेंबरात साथ आली. साथीला परिपत्रक मिळालेलं नसावं. ती पदं सोडून माणसांना धरू लागली. पडताळणीच्या आदल्या रविवारी श्रीमंतरावांना एकशे दोन ताप भरला. सोमवारी त्यांचा रजेचा अर्ज आला आणि कार्यालयात प्रश्न उभा राहिला. लस घेतलेल्या कर्मचाऱ्याला ताप आला अशी नोंद ॲपवर गेली की टक्केवारी घसरते आणि चषक परत जातो.

आदिनाथ साहेबांनी प्रश्न असा सोडवला. श्रीमंतरावांनी लस घेतली आहे, हे कागदावर सिद्ध आहे. म्हणजे त्यांना हा ताप येऊ शकत नाही. पण ताप तर आहे, थर्मामीटर खोटं बोलत नाही. तेव्हा तो दुसऱ्या कुणाचातरी असला पाहिजे. बसस्थानक ते बाजारपूल या रस्त्याशी संबंधित माणसं दोन. त्यातल्या एकानं लस घेतली आहे. दुसरीनं लस घेतल्याची कुठंच नोंद नाही. सबब ताप सरजाबाईचा.

श्रीमंतरावांची रजा नामंजूर झाली आणि सरजाबाईला सात दिवस घरात राहण्याचा आदेश निघाला. तो घेऊन मारोती शिपाई भीमनगरात गेला तेव्हा ती ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन घरात चालली होती.

“मावशी, खाली ठिवा ते. तुमाला ताप हाय.”

“मला? ये, हात लावून बघ.”

“हात लावायचा न्हाई म्हणून लिवलंय यात.”

“आरं, मला तर इंजेक्शन दिलंय की!”

“ते पाटलाला दिलंय.”

सरजाबाईनं पोतं उतरवलं. “मारोती, गुरवारी पडताळणी हाय रे. मी रस्त्यावर दिसले न्हाई तर माझं नाव कसं चढंल?”

“मी काय करू, मावशी? मी चिटकवायला आलो.” त्यानं आदेश दारावर चिकटवला आणि कोपरे नीट दाबून घेतले.

आता गुरुवारी रस्ता कोण झाडणार? बदली आजारी, आणि आजारी माणूस कागदावर ठणठणीत. गुरुवारी सकाळी सहा वाजता श्रीमंतराव कानाला मफलर बांधून रस्त्यावर उतरले. हातात झाडू होता. धरायचा कसा हे माहीत नसल्यामुळे त्यांनी तो नांगरासारखा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. कचऱ्यापेक्षा धूळ जास्त उडत होती. दहा पावलं झाडलं की ते खांबाला टेकायचे. ताप उतरायला लागला असावा, अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या.

पडताळणीला लातूरहून रेणुका मॅडम आल्या होत्या. त्या प्रामाणिक अधिकारी आहेत, समोर दिसेल तेच लिहितात. त्यांनी लिहिलं: “कर्मचारी स्वतः झाडताना आढळले. घामानं निथळत होते. या कार्यालयात बदली पद्धत नाही.” लोकांनी फोटो काढले. गावच्या ग्रुपवर दीडशे जणांनी हात जोडले. एकानं ‘असे कर्मचारी असतील तर देश पुढं जाईल’ असं लिहिलं. (तो पुलाखाली कचरा टाकतो.)

तेवढ्यात पुलाच्या टोकाला सरजाबाई येऊन उभी राहिली. तोंडाला पदर होता.

“मॅडम, ह्यो रस्ता मी झाडते. अकरा वर्सं झाली.”

“मॅडम, मागं सरा,” आदिनाथ साहेब म्हणाले. “साथीची पेशंट आहे ती. आदेश मोडून आली.”

मॅडम सहा फूट मागं सरल्या. तिथूनच त्यांनी श्रीमंतरावांना विचारलं, “ही बाई तुमच्याऐवजी झाडते का?”

श्रीमंतराव खांबाला धरून उभे होते. त्यांनी सरजाबाईकडं पाहिलं, मग साहेबांकडं पाहिलं. नंतर त्यांना खोकल्याची उबळ आली. ती मॅडम गाडीत बसेपर्यंत टिकली.

पण मॅडम प्रामाणिक आहेत, हे वर सांगितलंच. जाताना त्यांनी एक कागद पुलाच्या कठड्यावर ठेवला आणि त्यावर दगड ठेवायला सांगितलं. हिला काम करताना पाहिलेल्या दोन नागरिकांच्या सह्या आणा, पंधरा दिवसांत, मग बघू.

सात दिवस संपल्यावर सरजाबाई पहाटे रस्ता झाडू लागली (श्रीमंतरावांनी ‘या आता’ असा निरोप धाडला होता) आणि दिवसभर तो कागद घेऊन रस्ताभर फिरू लागली. या रस्त्यावर त्रेसष्ट दुकानं आणि एकेचाळीस घरं आहेत. तिनं सगळी केली. निष्कर्ष असे: रस्ता रोज झाडलेला असतो हे मान्य, एकशे चार. कुणीतरी झाडताना पाहिलं, अडतीस. झाडणारी बाई असते एवढं माहीत, एकतीस. तिचं नाव माहीत, शून्य.

“अवं, धूळ लागू ने म्हणून तोंड बांधते मी,” तिनं हॉटेलवाल्याला सांगून पाहिलं. “पण आवाज तर वळकता? रोज तुमाला म्हणते, बाकडं सरकवा म्हणून.”

“बाकडं मी सरकवतो, ते खरं,” तो म्हणाला. “पण सरकवताना मी बाकड्याकडं बघतो. खोटी सही कशी करू?”

माझंही घर याच रस्त्यावर आहे. मी सही केली असती. पण मी साडेसातला उठतो, तोवर रस्ता झाडून झालेला असतो. जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही त्याखाली सही करणं कायद्यात बसत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“बरं. मंग ह्यो कागद तुमच्यापाशीच ठिवा,” ती म्हणाली. “घरी पावसात भिजंल. कुणी सांगणारं भेटलं तर घ्या लिवून.”

मुदत येत्या शुक्रवारी संपते. सह्यांच्या दोन्ही रेघा कोऱ्या आहेत. मी मॅडमना फोन करून विचारलं. साक्षीदार आमच्याच गावचा पाहिजे असं काही नाही, म्हणाल्या. फक्त तो डोळे उघडे ठेवून जगणारा आहे एवढी खात्री करून घ्यायची. तुम्ही इथवर वाचलंत, दोनचार ठिकाणी हसलात, आमच्या साहेबांची चीडही आली असेल. म्हणजे तुम्ही चालाल. एकच प्रश्न आहे, सोपा आहे: आज सकाळी तुमच्या दारापुढं ज्या बाईनं झाडलं, तिचं नाव काय?

सांगा. पेन उघडून बसलो आहे.