साहेब इंग्रजीत रागावतो

कोंढ्याच्या मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकात भय्याजीला साहेबाचं काम मिळालं ते त्याच्या पँटमुळे. गावात धोतरं पुष्कळ होती, पायजमेही होते, पण इस्त्री धरून ठेवेल अशी फुलपँट एकच. ती त्याला साळ्याने, जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला असलेल्या गोमाजीने, अंगाला तंग होऊ लागली म्हणून दिली होती. एरवी दरवर्षी भय्याजीच्या वाट्याला भालदाराचं काम यायचं. भाला धरून उभं राहायचं आणि राजा मेला की पडदा ओढायचा. रंगमंचावर तोंड उघडायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, आणि ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागून राहिली होती.

नाटक गावातल्याच टिकारामने लिहिलं होतं. सावकार लोकांना छळतो आणि पहिल्याच अंकात एक साहेब येऊन त्याला झापतो, अशी गोष्ट. साहेबाच्या प्रवेशापाशी टिकारामने एवढंच लिहून ठेवलं होतं : 'साहेब इंग्रजीत रागावतो.'

"पण मी म्हणू काय?" भय्याजीने विचारलं.

"ते तू पाय. मी मराठी लिवणारा माणूस."

तुमसरच्या राइसमिलमध्ये राहून आलेला टेकचंद या कामावर डोळा ठेवूनच होता. भय्याजीला नाही जमलं तर आपण आहोतच, फक्त पँट त्याची घ्या, असं तो तालमीला सगळ्यांदेखत म्हणाला. पँट आपली आणि तिच्यात पाय टेकचंदचे, हे भय्याजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब होईन तर मीच, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

तो आधी शाळेत गेला. गुरुजींनी त्याला मांजर, उंदीर आणि गाय यांची इंग्रजी नावं शिकवली. पण सावकारावर खवळलेला साहेब गाईचं नाव कशाला घेईल, हे काही त्याला पटेना. मग त्याने सरळ जवाहरनगर गाठलं. गोमाजीने 'घरचे पाहुणे' म्हणून त्याला फॅक्टरीच्या बसमध्ये चढवून दिलं. पुढच्या बाकांवर साहेब लोक बसत. कोणी बंगाली, कोणी मद्रासी, तेव्हा आपसांत बोलायचं म्हणजे इंग्रजीच. भय्याजी त्यांच्या पाठीमागे कान देऊन बसला आणि बस फिरेल तिकडे फिरला. संध्याकाळी क्वार्टरवर परतला तो गड जिंकल्याच्या थाटात.

"गोमाजी, इंग्रजीत सारं सामान आपलंच आहे," तो म्हणाला. "मशीन आपण म्हणतो, ड्यूटी म्हणतो, रिपोर्ट म्हणतो, टाइमबी म्हणतो. त्यायचं फक्त मधातलं आहे."

"मधातलं म्हंजे, भाऊजी?"

"ऑफ द, इन द, टु द. इट इज, बट इफ, सो दॅट. हे बारके शब्द एकटे येतच नाही. जोडीनं येतात, बैलावाणी. या जोड्या आल्या का इंग्रजी आली."

गोमाजीची इतकी वर्षं फॅक्टरीत गेली होती, पण असा विचार त्याने कधी केला नव्हता.

गावी येऊन भय्याजीने धानाच्या खळ्यावर तालीम सुरू केली. बैलांमागे फिरता फिरता तो 'बट इफ द, बट इफ द' असं घुमू लागला. बायकोने, सत्यभामाबाईने, हे ऐकलं आणि ती घाबरीघुबरी होऊन शेजारच्या गोदावरीबाईकडे धावली. गोदावरीबाईने लिंबू उतरवून टाकायला सांगितलं. भय्याजीने वादही घातला नाही. डोळे मिटून त्याने लिंबू उतरवून घेतलं, पण तेवढ्यातही तोंडाने 'ॲज वेल ॲज' चालूच ठेवलं.

मंडईच्या दिवशी नाटक दिवेलागणीलाच उभं राहिलं, कारण प्रमुख पाहुण्यांना तालुक्याला परत जायचं होतं. पाहुणे म्हणजे तलावांचं काम बघणारे साहेब. गावच्या तलावाचं गेट गेल्या वर्षीच्या पावसात तुटलं होतं आणि त्याचा रिपोर्ट 'वर' गेला आहे, असं हे साहेब तेव्हापासून सांगत होते. सरपंच गोपाळरावांनी स्वागताच्या भाषणात ठोकून दिलं की साहेबांचं इंग्रजी ऐकत राहावं असं आहे. साहेब लाजून हसले. नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

भय्याजीची पँट रंगमंचावर आली तेव्हाच टाळ्या पडल्या. त्याने सावकाराकडे बोट रोखलं आणि आवाज चढवला, "ऑफ द! इन द! टु द! बट इफ! सो दॅट!" लोक खूश. पोरं शिट्ट्या मारू लागली, 'आणखी आणखी' अशी ओरड झाली. इथे भय्याजीची पंचाईत झाली. जोड्या तर सगळ्या संपल्या होत्या. विंगेत टेकचंद हात बांधून उभा होता, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती. मग जोड्यांमध्ये घालायला तोंडात येतील ते मोठे शब्द त्याने घेतले, आणि तोंडात तेच आले जे चावडीवर वर्षभर ऐकलं होतं.

"तलाव ऑफ द गेट! इट इज टु द रिपोर्ट! बट इफ द टाइम? धान इन द पाणी, ॲज वेल ॲज माणूस!"

पोरांच्या शिट्ट्या थांबल्या. गेट आणि रिपोर्ट हे शब्द लहान पोरालाही कळत होते. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे वळल्या. सरपंच अदबीने उठले. "साहेब, आमच्या लोकायले इंग्रजी येत नाही. काय म्हणून राहिला तो, तुमीच सांगा."

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. आपल्याला काही कळलं नाही असं म्हणावं, तर आत्ताच मिळालेला मान मातीत जाणार.

"ते म्हणून राहिले, का गेटचा रिपोर्ट... टाइमावर गेला पाहिजे."

"आन् मंग?" मागून कोणीतरी विचारलं.

"मंग गेट लागते."

"कवा?"

साहेबांनी भय्याजीकडे पाहिलं. भय्याजीला वाटलं, आपलं वाक्य तुटलं म्हणून ते खूण करताहेत. त्याने जीव तोडून हाणलं, "सो दॅट!"

"धानाच्या रोवणीच्या आत," साहेब म्हणाले आणि खाली बसले. टाळ्यांनी मांडव दणाणला.

अंक संपल्यावर साहेब स्वतः पडद्यामागे आले. साहेबांनी इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "तुमी शिकले कुठं?"

"फॅक्टरीच्या बसमधी, साहेब. चुकलं असन तर माफी करा."

"चुकलं नाही हो." साहेब ट्रंकेवर टेकले. "नागपूरचे मोठे साहेब आले का असंच बोलतात. मी नुसतं येस सर, येस सर करतो. मधातलं मले साधतच नाही. तुमी सांगान?"

भय्याजीने त्यांना मुखवटे आणि तलवारी बाजूला सारून जागा करून दिली, आणि जोड्या एकेक करून सांगितल्या.

गेट खरोखरच रोवणीच्या आत लागलं. गेट बसवलं त्या दिवशी तलावाच्या पाळीवर छोटासा समारंभ झाला. साहेब मोठ्या आत्मविश्वासाने उभे राहिले आणि गाव ऐकत राहिलं, "ऑफ द गेट, इन द तलाव, इट इज टु द पब्लिक, सो दॅट!" टाळ्या ओसरल्यावर सरपंच भय्याजीकडे वळले. "भय्याजी, साहेब काय म्हणले, सांग लोकायले."

भय्याजी उठला. टेकचंद समोरच बसला होता. भय्याजीने पँट नीट वर ओढली आणि साहेबांकडे एकवार पाहिलं.

"साहेब म्हणून राहिले," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "का आता गावाचा रस्ताबी करून देतो."