आबांचा अंदाज बरोबर आला तेव्हा

दिल्लीचे सिनेमाचे मोठे पुरस्कार जाहीर झाले की दुसऱ्या दिवशी आमचे सुभेदार आबा निकाल देणाऱ्यांना पोस्टकार्ड टाकतात. मजकूर दरवर्षी तोच : 'आपला निकाल चुकला आहे. तपासून दुरुस्ती कळवावी.' मी पोस्टात आहे, म्हणून मला ठाऊक. उत्तर एकदाही आलेलं नाही. आबांना त्याचं दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटतं.

आबा उंब्रजला आमच्या शेजारी राहतात. सिनेमाचं वेड फौजेतलं. छावणीत मैदानात पडदा लावत आणि समोर साहेब लोक बसत, म्हणून आबांनी सुरुवातीचे सगळे सिनेमे पडद्यामागून पाहिले. "पाठीमागनं बघितलं की पिच्चरचं खरं कळतंय," असं ते अजून म्हणतात. आता स्कूटरवरून कऱ्हाडला जातात, पहिला खेळ धरतात आणि डायरीत शेरे लिहितात. 'हिरो : पोशाख चांगला, चाल ढिली.' 'डायरेक्टर : रजेवर असावा.'

निकालाच्या आठ दिवस आधी ते आपला अंदाज लिहून पाकीट चिकटवतात आणि माझ्या हातात देतात. "सदा, तू पाकिटांचा माणूस. तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे." निकालादिवशी संध्याकाळी पोपटच्या सलूनमध्ये ते फोडायचं. अकरा वर्षांत अंदाज एकदाही बरोबर आला नाही.

"आवं आबा, तुमी हात लावला की धडधाकट पिच्चर आजारी पडतोय!" पोपट ओरडायचा.

"अंदाज बरोबर हाय," आबा शांतपणे म्हणायचे. "निकाल चुकलाय."

मग पुढे महिनाभर वाद. सलूनमध्ये सुरू व्हायचा आणि आबांच्या घरी पुढच्या सोप्यात जाऊन रंगायचा.

यंदा आबांचा जीव एका धनगराच्या सिनेमावर जडला होता, पण पाकीट फुटेपर्यंत ते फक्त माझ्याजवळच बोलायचे. "मेंढरं बघितलीस का? एकबी मेंढरू कॅमेऱ्याकडं बघत न्हाई. ह्याला म्हणायचं काम!" पोपटचा पाठिंबा एका वकिलाच्या सिनेमाला होता. निकाल दुपारी टीव्हीवर लागला. वकील जिंकला.

सलूनवरून जाताना मला आरशाजवळ टांगलेली शाल दिसली, शेजारी नारळ. "यंदाबी आबांचा अंदाज हुकणारच, त्याबद्दल जाहीर सत्कार," पोपट डोळे मिचकावत म्हणाला. "मोबाइलवर घ्यायचा आन् गावभर पाठवायचा."

इथे मला खरं सांगितलं पाहिजे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याचं पाकीट मी उजेडाकडेसुद्धा कधी धरलं नव्हतं. त्या दुपारी आबांचं पाकीट मी वाफेवर धरलं. आत अर्थातच मेंढरं होती. तो कागद काढला, दुसऱ्यावर आबांच्या वळणाचं अक्षर काढून वकिलाच्या सिनेमाचं नाव लिहिलं आणि पाकीट पुन्हा चिकटवलं. आबांची दया आली म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं. पोपटचं तोंड बघायचं होतं, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी ते तोंड बघितलं. पोपटने कागद वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उठून उभं राहिलं. चेष्टेसाठी आणलेली शाल पोपटने खरोखरच्या आदराने आबांच्या खांद्यावर घातली.

आबांनी कागद हातात घेतला. अक्षरावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "आला बरोबर." आणि निघून गेले.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, सगळं कबूल करायचं ठरवून आबांकडे गेलो. सोप्यात आठ प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, स्वच्छ पुसलेल्या. आबांच्या घरच्या काकू जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा कुपवाडला कारखान्यात. आबा एकटेच बसलेले.

"आबा, चुकलो. पाकीट मी..."

"माझं अक्षर मला कळत न्हाई व्हय रं?"

मी हादरलोच. "मग तिथंच का नाही बोललात?"

"तुझी नोकरी पाकिटांची. चारचौघांत कसं बोलणार?"

आबा पुढे म्हणाले, "चार दिस झालं, एक माणूस फिरकला न्हाई. काल पोपट रस्त्यात भेटला, तर हात जोडून गेला. माझ्याशी! बरोबर आलेल्या माणसाशी कोण भांडतंय?"

"मी आत्ता जाऊन सगळ्यांना खरं सांगतो."

"खबरदार!" फौजी आवाज लागला. "कागद माझा म्हणून मी जाहीर केलंय. आता मी वकिलाच्या बाजूनं बोलणार. तू मेंढरं घे. आन् ठासून बोल."

"पण आबा, मला खरं तर वकिलाचाच आवडला."

"मला काय सांगतोस? मला त्यात दोनदा झोप लागली!"

संध्याकाळी सलूनमध्ये मी म्हटलं, "अंदाज बरोबर आला असेल, पण आबा चुकलेत. बक्षीस मेंढरांचंच होतं." पोपटचा वस्तरा हवेत थांबला. "आबांच्या तोंडावर म्हणशील?" तासाभरात आबांच्या सोप्यातल्या आठही खुर्च्या भरल्या.

आबा वकिलाची बाजू लढवू लागले. "काय ते कोर्ट! काय ते... काय त्या फायली!" त्यांना पुढे सुचेना. मी त्यांचेच मुद्दे त्यांच्यावर फेकत होतो, आणि एखादा चुकीचा फेकला की त्यांचे ओठ मला दुरुस्त करायला हलत. आठवडाभर रोज हेच चाललं. शेवटी पोपटसुद्धा फिरला. "आबा, द्या सोडून. समद्यांना पटलं, मेंढरंच भारी. हरला तुमी."

सगळे चपला शोधू लागले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच अख्खा सोपा आबांच्या मताचा झाला होता, आणि ते त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं. रिकामे कप गोळा करता करता ते थांबले आणि घाईने दारापर्यंत आले.

"उद्या या रं," ते म्हणाले. "मला अजून पटल्यालं न्हाई."