सर्वात कमी आकड्याची ओढगाडी

जमीरच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नाही. तो माझा आयटीआयमधला विद्यार्थी. एका सरकारी कार्यालयाच्या ओढगाडीवर मेकॅनिक आहे. ओढगाडी म्हणजे रस्त्यात बंद पडलेले ट्रक ओढून आणणारा ट्रक. पत्र लहान होतं: "सर, गाडी चढावर ओढत नाही अन् साहेब मले कामावरून काढून राह्यले. तुमी कमिटीत होते. माहा दोष नाही, एवढं लिहून द्या."

खरेदी समितीत मी तज्ज्ञ सदस्य होतो, हे खरं आहे. माझं नाव यादीत चुकून आलं असावं, असं मला अजूनही वाटतं. तीन गाड्या समोर होत्या, किंमत जवळपास सारखीच. फरक मागच्या ॲक्सलच्या गिअर रेशोत: सहा, पाच आणि साडेतीन.

लिपिक पूनमसिंग यांनी तुलनातक्त्यात साडेतीनभोवती लाल गोल काढला. "सर्वात कमी आकडा. मंजूर."

"पण हा आकडा म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, तो," मी पुटपुटलो. "आकडा मोठा, तर वेग कमी पण ओढ जास्त."

"सर, झाडूपासून जनरेटरपर्यंत आपण कमीच आकडा घेतो. मोठा घेतला तर ऑडिटवाले इचारतीन, काहून घेतला?"

अध्यक्ष विठ्ठलरावांनी घड्याळ पाहिलं. "तुमाले पक्की खात्री हाय काय, सर?"

पक्की खात्री मला माझ्या जन्मतारखेचीही नाही. मी सही केली.

रिकामी गाडी सुसाट पळाली. कळंब रस्त्याच्या चढावर मात्र सरकीचा ट्रक मागे बांधताच क्लच जाळून उभी राहिली. समितीने गंभीर दखल घेतली. पहिला ठराव: बंद पडलेल्या ट्रकने आधी माल उतरवून घ्यावा. दुसरा: वाहनांनी शक्यतो उतारावरच बंद पडावे. तसा फलकही लागला. तिसऱ्या ठरावाने ओढगाडी ओढण्यासाठी दुसरी ओढगाडी आली. सुधारणा म्हणून तिचा आकडा आणखी कमी, सव्वातीन. तीही चढावर थांबली तेव्हा निष्कर्ष निघाला की दोन्ही गाड्यांत समान असलेला एकमेव भाग म्हणजे मेकॅनिक.

पत्र आलं ते त्यानंतर. मी पुस्तकं तपासत राहिलो. काल जमीरचा फोन आला.

"सर, परवा सुनावणी हाय. दोन ओळी पाहिजे फक्त."

"तपासतोय रे."

"वर्गात तर फळ्यावर एका मिनटात समजावलं होतं! आता कायले भेता?"

आज नऊ पानांचं उत्तर पूर्ण झालं, आकृत्यांसह. मेकॅनिक निर्दोष, असं स्वच्छ लिहिलं. मग सहीची जागा आली. तिथे सही केली, तर कुणीतरी तुलनातक्त्यावरची माझी सही शेजारी ठेवणार. निनावी पत्राची दखल घेतली जात नाही, हे मला ठाऊक आहे. स्पीड पोस्टला पाठवणाऱ्याचं नाव लागतं, हेही.

हसू नका. पटत नसताना तुम्ही सही केलेला शेवटचा कागद कोणता, तेवढं आठवा. तोवर मी बिनसहीचं उत्तर साध्या टपालाच्या पेटीत टाकून आलो.